आधी शाळेचा दस्त

१२ नोव्हेंबर, विश्रांतवाडी

चि. रणजित,

येत्या सोमवारपासून आपल्या धायरी फाट्यावरची शाळा भरणार नाही. मुलांनी बायपासपलीकडच्या महापालिकेच्या शाळेत जायचं आहे. मुख्याध्यापिका शर्मिला मॅडमनी आज दुपारी फोनवर सांगितलं, आणि मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. फाटकावर नोटीस लावली आहे. इमारत धोकादायक असल्याचा तक्रार अर्ज आला होता, असं कारण दिलं आहे. अर्ज कुणाचा, ते मॅडमनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलं आहेस, भावकीच्या ग्रुपमधून काढलं आहेस. म्हणून पत्र. तू फाडून टाकशील हे धरून पाकिटावर आईचं नाव घातलं आहे. तिला वाचता येत नाही, पण तुझी लेक तिला वाचून दाखवेल. अपेक्षा, पहिल्या ओळीपासून वाच आणि मधलं गाळू नकोस. आजीला कळतं.

भाऊबीजेचं अजून तुझ्या डोक्यात असेल. माझ्याही आहे. तबकात साडी होती आणि साडीवर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये हक्कसोडपत्र. सोफ्यावर वकील चकली खात बसले होते. तू म्हणालास, "ताई, ओवाळून झालं की तेवढी सही कर. वकीलसाहेबांना अजून दोन घरी जायचंय." म्हणजे आणखी दोन बहिणी तबक घेऊन वाट पाहत असणार. आपल्या भावकीत बहिणींनी सह्या करताना कागद वाचल्याचं मला आठवत नाही. सही करायची, साडी घ्यायची, माहेर शाबूत ठेवायचं. मी पर्समधून चष्मा काढून वाचायला घेतलं, तेवढ्यावर तू ताट सारून उठलास.

आबा गेल्यावर सातबाऱ्यावर आई, तू आणि मी अशी तीन नावं लागली. त्या कागदात माझा सगळ्यातला वाटा तुला सोडायचा होता. डोंगराकडची जमीन, घरामागचं वावर आणि शाळेचे दहा गुंठे. शाळेची जागा आजोबांनी तोंडी दिली, कागद कुणी केला नाही, त्यामुळे ती आजही आपल्याच नावावर आहे. बिल्डरला नेमकी तीच हवी आहे, कारण त्याच्या मागच्या प्लॉटला मोठ्या रस्त्यावर यायला तिथूनच सरळ वाट मिळते. मी विचारलं, शाळेचं काय? तू म्हणालास, "शाळेचं महापालिका बघेल."

आता महापालिकेनं बघितलं.

मी सही करणार नाही. ठरवायला मला तीन आठवडे लागले, म्हणजे रागाच्या भरात ठरवलेलं नाही.

आणखी एक. आईनं अंगठा देऊन झालाय, असं तू त्या दिवशी म्हणालास. ती तेव्हा आत करंज्या तळत होती. मला विचारता आलं नाही. अपेक्षा, ही ओळ जरा मोठ्यानं वाच.

ताई


१९ नोव्हेंबर

चि. रणजित,

सोमवारी निम्मीसुद्धा मुलं पलीकडे पोचली नाहीत. काल त्याहून कमी. हजेरी शर्मिला मॅडमनी स्वतः घेतली आणि काल मी त्यांच्याबरोबर होते, तेव्हा हे ऐकीव नाही.

तू तिथून रोज गाडीनं जातोस, म्हणून चालत कसं वाटतं ते लिहिते. सर्व्हिस रोडला फुटपाथ नाही. उलट्या बाजूनं दुचाक्या येतात आणि मुलांवरच हॉर्न वाजवतात. भुयारी मार्गात गुडघाभर नाही पण घोटाभर पाणी आहे, कुठलं ते कुणाला माहीत नाही. पहिलीतली पोरं बूट हातात घेऊन जातात. मॅडमनी पुढे दोरी धरली होती, मागचं टोक माझ्याकडे होतं. कंटेनर गेला की दोरी थरथरायची.

नागोराव तुला माहीत असेल, बिल्डरच्या साइटवर गवंडी आहे, नांदेडकडचा. पत्र्याच्या खोलीत राहतो. त्याची राधा सहावीला आहे. ती दोन्ही दिवस आली नाही म्हणून आम्ही खोलीवर गेलो. भांडी घासत होती, कडेला धाकटा भाऊ झोळीत. आई-बाप दोघं कामावर. नागोराव जेवायच्या सुट्टीत आला. मॅडम त्याला समजावत होत्या, तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मॅडम, पोरगी हाय. हितली शाळा मला परांचीवरून दिसत व्हती. तिथली दिसत न्हाई." परांची म्हणजे बांधकामाला बांधलेलं बांबूचं मचाण, एवढं मला तिथेच कळलं.

चार दिवस घरी राहिलेली मुलगी पाचव्या दिवशीही घरीच राहते. आपल्या घरात हे झालेलं आहे. शाळा तेव्हा चौथीपर्यंत होती, पाचवी कॅनॉलपलीकडे. आपली आत्या हुशार होती म्हणतात. चौथीनंतर तिला कॅनॉल ओलांडू दिला नाही. आजोबांना ते लागलं असावं, कारण पुढे सातवीपर्यंतचे वर्ग निघावेत म्हणून त्यांनीच ही जागा दिली. त्या वर्गांमधल्या पहिल्या मुलींत मी होते. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास.

अपेक्षाच्या फोनवरून तुझा निरोप मिळाला. आवाज तुझाच होता. "आपल्या गावचं एक तरी पोर तिथं जातं का, ताई? सगळी बाहेरची. तुला त्यांचा एवढा पुळका कशाला?" पहिलं वाक्य खरं आहे. गावची पोरं पिवळ्या बसनं जातात. पण बाहेरची माणसं इथे आली ती आपल्या जमिनींवर इमारती बांधायला आली. त्यांना खोल्या भाड्यानं दिल्या आपल्याच भावकीनं. भाडं चालतं, पोरं चालत नाहीत, असं थोडंच आहे? सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला घराजवळ फुकट शाळा मिळालीच पाहिजे असा कायदा आहे, आणि त्यात गावचं-बाहेरचं असा रकाना नाही.

आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली माईकवर तूच म्हणालास, "माझ्या आजोबांनी ही जागा गोरगरिबांच्या लेकरांसाठी दान दिली." जागा देणाऱ्याच्या घरातल्या माणसाला शाल-नारळ द्यायची त्या शाळेची रीत आहे. आधी आबा घ्यायचे, आता तू घेतोस. यंदा निवडणुकीची हवा होती म्हणून फोटोग्राफरही आणला होतास. व्हिडिओ तूच सगळ्यांना पाठवलास. तेव्हा मला ब्लॉक केलं नव्हतंस.

तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

ताई


२५ नोव्हेंबर

चि. रणजित,

रविवारी तू घरी आलास. दार मी उघडलं. "दाजी आहेत का?" असं विचारलंस, जशी मी शेजारीण. पाणी घेतलंस, चहा घेतला नाहीस.

तू यांना म्हणालास, "दाजी, ताईला समजवा जरा." हे म्हणाले, "तीस वर्षं तिनं मला समजावलंय, आता कुठे मला समजायला लागलंय. ती समोर बसलीय, तूच बोल की." तू तरी पंख्याकडे बघूनच बोललास. मी तीन हातांवर मेथी निवडत होते. तुमचं बोलणं संपेपर्यंत जुडी संपली आणि मी निवडलेलीच पुन्हा निवडत बसले.

पण तू जे बोललास ते मी ऐकलं. अपेक्षा बारावीला आहे. सरकारी मेडिकलला नंबर लागला नाही तर खासगीत घालायची आहे, आणि तिथं काय लागतं ते सगळ्यांना माहीत आहे. "मी काय मौजेसाठी विकतोय का? पोरीच्या शिक्षणासाठीच विकतोय." निवडणूक, नवी गाडी, बंगल्यावरचा मजला, हे सगळं मी मनात धरून बसले होते. हे एक नव्हतं धरलं. आपल्या घरातली मुलगी डॉक्टर होणार असेल तर तिच्या आड येणारी आत्या मला व्हायचं नाही.

निघताना तू चपला घालत म्हणालास, "सही नाही तर माहेर नाही. आईला भेटायचं तर देवळात भेटायचं."

चालेल. देऊळ अजून विकलं नसेल तर.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. तुला माझा राग कळायला हवा, नाहीतर तू मला नुसती हट्टी समजशील.

ताई


३ डिसेंबर

चि. रणजित,

शिक्षण विभागात मी सोमवारी जाऊन आले. शर्मिला मॅडम बरोबर होत्या. तुझ्या भाषणाचा व्हिडिओ तिथे दाखवला. तिथले साहेब शांतपणे पूर्ण बघून म्हणाले, "छान बोलतात. सातबारा कुणाचा?" मग म्हणाले, भाषणानं जागा आमची होत नाही. पण इमारत खरोखर धोकादायक आहे का, याची तपासणी इंजिनिअरकडून करून घ्या असा अर्ज शाळेला करता येईल. मॅडमनी तो तिथेच बसून लिहिला. तक्रार अर्जाखाली तुझीच सही आहे हे मला तिथल्या फाइलीत दिसलं, म्हणजे तुझ्या अर्जावर आता आमचाही अर्ज आहे. शाळेतलं सामान पलीकडे हलवायचा हुकूम मात्र मागे घेतलेला नाही. टेम्पो कधीही येईल.

पुढचं अपेक्षाला विचारून लिहिते आहे, तेव्हा तिच्यावर ओरडू नकोस. तिचे क्लास सदाशिव पेठेत असतात. तिनंच फोन केला, "आत्या, जेवायला येतेस?" एका खानावळीत आम्ही दोन थाळ्या घेतल्या. बराच वेळ ती आमटीत भात कालवत राहिली. मग म्हणाली, "आत्या, मला सीट पाहिजे. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. प्लीज मला गिल्ट देऊ नकोस." मी म्हटलं, नाही देणार. आणि मला तिचा अभिमानच वाटला. मोठ्या माणसांसारखी गोलगोल बोलली नाही.

मग ती म्हणाली, "आजीनं अंगठा दिलेला नाही. पप्पा तुला खोटं बोलले. आजी तुझं नाव घेऊन म्हणते, नंदी करंल तवा मी करीन."

म्हणजे भाऊबीजेला तू आईचं नाव पुढे करून माझी सही घेणार होतास, आणि मग माझी सही दाखवून तिचा अंगठा. हे मी तुझ्या लेकीसमोर बोलले नाही. पण तिला कळलेलं होतं, कारण तिनं पुढे विचारलं, "माझं लग्न झाल्यावर छोटूपण मला असाच पेपर देणार का ग?" तुझ्या आठ वर्षांच्या मुलाबद्दल विचारत होती.

मी म्हटलं, कोशिंबीर खा.

रणजित, मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तुला सुचलं तर तिला सांग.

ताई


१० डिसेंबर

चि. रणजित,

शाळेतलं सामान हललेलं नाही. तपासणी होईपर्यंत धड असलेल्या दोन खोल्यांत वर्ग भरवायला काल संध्याकाळी तोंडी परवानगी मिळाली. मला हे शिक्षण विभागातल्या साहेबांनीच सांगितलं, लेखी दोन दिवसांत देतो म्हणाले. बघू.

काल तू तिथे होतास, तरी लिहिते, कारण तू मधेच निघून गेलास.

टेम्पो सकाळी आला. हमालांनी बाकं उचलली तर दारात आई. पावट्याच्या शेंगांची पिशवी घेऊन उंबऱ्यावर बसलेली. मॅडमनी मला फोन केला तेव्हा मी भाजी घेत होते, तशीच रिक्षात बसले. विश्रांतवाडीहून धायरी म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. मी पोचेपर्यंत ती एकटीच होती, आणि मॅडम म्हणतात, एकदाही तिचा आवाज चढला नाही. हमाल म्हणाला, "आजी, जरा सरका." ती म्हणाली, "सरकते की. शेंगा हुं दे." आणि तिनं एकेक शेंग अशी सोलली, जसं एकेका दाण्याचं बारसं आहे. टेम्पोवाल्यानं शेवटी गाडी बंद केली आणि चहाला गेला.

मग तू आलास. मी फाटकातून आत येत होते, तुझी पाठ माझ्याकडे होती. तू म्हणालास, "आई, घरी चल. लोक बघतायत."

"बगू देत. झेंड्याच्या दिवशी बी बगत्यात की. तवा तू खुर्चीत बसतोस."

साइटवरच्या दोन बायका हसल्या. तुझे कान लाल झाले, ते मला मागून दिसलं. लहानपणीही व्हायचे. मग तू आवाज खाली आणून विचारलंस, "आणि अपेक्षाचं काय?"

आई थांबली. हातातली शेंग तिनं तशीच धरून ठेवली. मला वाटलं आता उठेल. अपेक्षा तिची दुखरी जागा आहे, तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. ती म्हणाली, "तिचं बी करू. पर ह्या दारातनं न्हाई."

तू गेलास. जाताना माझ्याकडे बघितलंस.

त्यानंतरचं तुला कळायला हवं. नागोरावची राधा आली, भाऊ कडेवर. आईनं तिला विचारलं नाही कोण, कुठली. पिशवी तिच्याकडे सरकवली. दोघी सोलत बसल्या. दुपारी पलीकडच्या शाळेतून खिचडी इथेच आली तेव्हा आई जमलेल्या मुलांच्या पंगतीत जेवली आणि मीठ कमी आहे म्हणाली. आज सकाळी राधा वर्गात होती. भाऊसुद्धा. मॅडमनी त्याला खडू दिला, तो त्यानं खाल्ला.

आई तुझ्याकडेच राहते. तिला काही बोलू नकोस. बोलायचं ते मला लिही.

ताई


२१ जानेवारी

चि. रणजित,

तपासणीचा अहवाल आला. दोन खोल्या चांगल्या आहेत, दोन खोल्यांचं छत आणि मागची भिंत दुरुस्त करावी लागेल. पाडायची गरज नाही. अहवाल शर्मिला मॅडमनी फोनवर पूर्ण वाचून दाखवला, आणि मग त्यातली मोठी अडचण सांगितली. जागा महापालिकेच्या नावावर नाही, त्यामुळे दुरुस्तीला पैसे टाकता येणार नाहीत. मार्चअखेर जागा नावावर आली नाही तर जूनपासून शाळा कायमची बायपासपलीकडे. हे आता लेखी आहे.

म्हणजे मी सही न करून शाळा वाचत नाही. तू करार करू शकत नाहीस, मी छत घालू शकत नाही, आणि मधे मुलं दोन खोल्यांत सात वर्ग करून बसली आहेत. महिनाभर मी विचार केला. पुढे लिहिते ते यांना आणि माझ्या चेतनला सांगून झालेलं आहे.

शाळेचे दहा गुंठे आई, तू आणि मी मिळून महापालिकेला बक्षीसपत्र करून देऊ. शाळेला, शाळेपुरतीच, असं त्यात लिहून.

ते झालं की डोंगराकडची जमीन आणि घरामागचं वावर, यांतला माझा वाटा मी तुला सोडते. हक्कसोडपत्रावर सही करते. काही मागत नाही. बिल्डरला वाट घरामागच्या वावरातून दे. त्याला वळसा पडेल आणि तुला गोठा हलवावा लागेल. माझ्या माहितीप्रमाणे त्याला ते चालणार आहे, फक्त सरळ वाट मिळत असताना तो वळसा कशाला मागेल? अपेक्षाचं त्यातून होईल. नाहीतरी तिचा सरकारीत नंबर लागेल असं मला वाटतं, पण तू बाप आहेस, तुला वाटण्यावर चालता येत नाही हे मला कबूल आहे.

हे मला सोपं गेलेलं नाही, एवढं तू धरून चाल. चेतन दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. मग त्यानं विचारलं, "आई, भाऊबीजेला तू हेच नाकारलं होतंस ना?" हो, हेच. तेव्हा साडीवर ठेवून मागितलं होतंस, म्हणून नाकारलं. आता माझ्या हातात देण्यासारखं तेवढंच आहे, म्हणून देते. सगळ्या बहिणी करतात तेच मी शेवटी करणार, हे मला बोचतं. अपेक्षाला मी काय तोंडानं सांगणार आहे माहीत नाही. अपेक्षा, तू हे वाचते आहेस. एवढं लक्षात ठेव की मी वाचून, समजून आणि बदल्यात काहीतरी घेऊन सही करते आहे. ते काहीतरी माझ्यासाठी नाही, म्हणून ते कमी होत नाही. तरीही तू असं करू नकोस.

रणजित, तुझं उत्तर हवं आहे. हो किंवा नाही.

ताई


३ फेब्रुवारी

चि. रणजित,

उद्या सकाळी अकराची वेळ दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मिळाली आहे. वकिलांनी संध्याकाळी पक्कं सांगितलं. दोन दस्त तयार आहेत. बक्षीसपत्र स्वीकारायला महापालिकेच्या मालमत्ता विभागाचे अधिकारी येणार आहेत, त्यांच्याशी मी स्वतः बोलले. ते फक्त दुपारी एकपर्यंत थांबतील. त्यानंतरची त्यांची तारीख मार्चअखेरच्या आत मिळेल असं कुणीच सांगत नाही.

तुझं उत्तर मिळालं. माझ्याच पाकिटाच्या पाठीवर लिहिलंस, "आधी हक्कसोड. मग शाळा. भावावर विश्वास नसेल तर राहू दे."

विश्वास नाही. हे दोन शब्द लिहायला मी दोन दिवस घेतले, आणि आता लिहिल्यावर ते खरेच आहेत असं दिसतं. तू आईच्या अंगठ्याबद्दल खोटं बोललास. शाळा धोक्याची आहे असा अर्ज केलास आणि त्याच शाळेचा नारळ घरात फोडलास. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. तुला घाई आहे, आणि घाईत तू काय करतोस हे मी या तीन महिन्यांत पाहिलं.

म्हणून आधी शाळेचा दस्त. मी एकदा हक्कसोडावर सही केली की माझ्या हातात काही उरत नाही, मग तू उठून गेलास तरी मला काही करता येणार नाही. तू शाळेच्या दस्तावर सही केलीस की मी उठून जाणार नाही. हे तुलाही माहीत आहे. मी तुला आजवर दिलेला एकही शब्द फिरवलेला नाही, तुझ्या लग्नात तुझ्या बाजूनं उभी राहिले तेव्हापासूनचा. भावकीत विचार. तुला माझ्यावर विश्वास ठेवता येतो, म्हणून थांबायचं तुझ्याकडे आलं. ते बरोबर नाही असं तुला वाटेल. मला त्यावर दुसरा उपाय सापडला नाही.

क्रम बदललेला दिसला तर मी सही न करता परत येईन. मग तुझा करारही थांबेल आणि शाळाही जाईल, आणि आपण दोघं बरोबर होतो असं म्हणत म्हातारे होऊ. जूनमध्ये राधा सातवीत जाईल. किंवा जाणार नाही.

हे कुरियरनं पोचायचं नाही म्हणून अपेक्षाच्या हाती दिलं आहे. क्लास सुटल्यावर ती माझ्याकडे आली होती. पत्र उघडंच आहे, तिनं वाचलं. मी तिला काही विचारलं नाही. पिशवीत ठेवताना ती म्हणाली, "पप्पांना जेवायच्या आधी देते. जेवल्यावर ते झोपतात."

आईला देवळापासून रिक्षात घेऊन मी साडेदहाला पोचेन. शर्मिला मॅडम साक्षीदार आहेत, त्या शाळेतून परस्पर येतील. यांची गाडी आहे, तुला हवी तर फाट्यावर थांबतील. माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून ते एकटेच येतील.

तू आला नाहीस तर काय, असं मी आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, मी आत जाऊन बसते, तो येईपर्यंत उठत न्हाई. मी सांगितलं, आई, सरकारी कचेरी आहे, संध्याकाळी कुलूप लावतात. ती म्हणाली, "लावू देत. तू त्याला कळव नुसतं."

म्हणून कळवते आहे.

ताई